तीनशे बिग ब्लाइंडचा स्टॅक मध्यरात्रीनंतर का वितळतो?

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोली, घणसोली, कळवा इथले सहा मित्र शुक्रवारी रात्री एका ॲपवर खासगी टेबल लावतात. खेळ पोकरचा: फुकटच्या चिप्स, नो-लिमिट होल्डम (यात केव्हाही सगळ्या चिप्स लावता येतात), ब्लाइंड म्हणजे दोघांनी आधीच भरायची सक्तीची रक्कम ५०/१०० (१०० तो बिग ब्लाइंड, पुढचे हिशेब त्यातच), बाय-इन म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स १०,०००. विचारणाऱ्याचा स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्सचा ढीग, साडेअकराच्या सुमारास ३१,००० पर्यंत जातो आणि दीड वाजेपर्यंत त्यातले फारसे काही उरत नाही. दर आठवड्याला जवळपास हेच. पुढे असताना आघाडी टिकवायची कशी, सांभाळून खेळायचे की टेबलाला दाबून ठेवायचे, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही नको. कॅश गेममध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या केव्हाही बसता-उठता येणाऱ्या टेबलावर, आघाडी नावाची वस्तूच नसते. ती टूर्नामेंटमध्ये असते. तिथे चिप्स संपल्या की माणूस घरी जातो, बक्षिसाच्या जागा जवळ आल्या की मधल्या स्टॅकवाले घाबरतात आणि मोठा स्टॅकवाला त्या भीतीवर जगतो. कॅश गेममध्ये हरलेला माणूस पुन्हा १०,००० घेऊन बसतो. त्याला बाहेर पडण्याची भीती नाही, म्हणून तुमच्या समोरच्या ढिगाचा त्याच्यावर दबावही नाही. 'मी पुढे आहे, आता जरा दमात घेतो' म्हणून जो माणूस प्रत्येक हातात (डावात) रेज करू लागतो, म्हणजे लावलेली रक्कम वाढवत सुटतो, तो टूर्नामेंटचे शहाणपण चुकीच्या टेबलावर वापरत असतो.

इथे बघायची ती गोष्ट म्हणजे इफेक्टिव्ह स्टॅक: दोघांपैकी ज्याच्याकडे कमी, तेवढ्याचाच खेळ. तुमच्याकडे ३१,००० आणि समोरच्याकडे ६,००० असतील तर तुम्ही दोघे ६० बिग ब्लाइंडचा खेळ खेळता आहात. उरलेल्या २५,००० चिप्स त्या हातात धोक्यात नाहीत आणि कामाच्याही नाहीत. तुमच्या टेबलावर रात्री बाराला साधारण काय चित्र असते? चार जणांकडे ४० ते ११० बिग ब्लाइंड आणि एखाद्याकडे तुमच्यासारखाच मोठा ढीग, समजा २८,५००. चौघांशी तुमचा खेळ संध्याकाळपासून बदललेलाच नाही. बदलला आहे तो फक्त त्या एकाशी. त्यामुळे तुमचा प्रश्न मुळात त्या एका माणसाबद्दलचा आहे.

नशीब की खेळ, हे आधी तपासा

सहा जणांच्या होल्डम टेबलावर दर १०० हातांमागे विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) ढोबळमानाने ८० ते १०० बिग ब्लाइंड असते. चांगल्या खेळाडूची सरासरी कमाई १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड धरली, तरी ती या चढउतारापुढे किरकोळ आहे. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर हात होतात. चार तासांत अडीचशे हात धरले तर अपेक्षित कमाई १२-१३ बिग ब्लाइंड आणि विचलन १४० च्या आसपास. म्हणजे साधारण सहा रात्रींत एक रात्र तुम्ही २०० बिग ब्लाइंड वर किंवा खाली असणारच. एखाद्या शुक्रवारी मोठा ढीग परत गेला म्हणून रडायचे कारण नाही.

पण साडेअकरा ते दीड म्हणजे जेमतेम सव्वाशे-दीडशे हात. तेवढ्यात २७० बिग ब्लाइंड जाणे, तेही दर आठवड्याला, हे नशिबाच्या माथी मारता येत नाही. स्टॅक खोल असला की विचलन वाढते हे खरे, पण इतके नियमित वाढत नाही. खेळात काहीतरी ठरावीक चुकते आहे.

ते काय, हे शोधायला बहुतेक ॲपमध्ये हातांचा इतिहास असतो. गेल्या चार शुक्रवारचे फक्त ४,००० पेक्षा मोठे पॉट (टेबलाच्या मध्ये जमलेल्या चिप्स) काढा; फार तर पंधरा-वीस निघतील. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: इफेक्टिव्ह स्टॅक किती होता, तुम्ही आधी खेळत होता की नंतर, आणि पत्ते उघडले तेव्हा तुमच्याकडे नेमके काय होते. माझा अंदाज सांगतो. तिसऱ्या रकान्यात 'एकच जोडी' पुन्हा पुन्हा दिसेल, दुसऱ्यात 'आधी'.

खोल स्टॅकमध्ये काय बदलते

सगळा हिशेब एका गुणोत्तरात आहे: फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) पडतो तेव्हा मागे उरलेला स्टॅक पॉटच्या किती पट आहे. तुम्ही २५० चा रेज केला, बिग ब्लाइंडच्या जागेवरच्याने कॉल केला (तेवढेच भरले), पॉट ५५०. दोघांकडे १०,००० असतील तर मागे ९,७५०, म्हणजे जवळपास १८ पट. दोघांकडे २८,५०० असतील तर ५१ पट. थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) पॉट घ्या: बटनने म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणाऱ्या जागेने, कटऑफने म्हणजे तिच्या आधीच्या जागेने. कटऑफचे २५०, बटनचे ८००, कटऑफचा कॉल, पॉट १,७५०. १०० बिग ब्लाइंडला मागे ९,२००, म्हणजे सव्वापाच पट. २८५ ला मागे २७,७००, म्हणजे जवळपास सोळा पट.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. १०० बिग ब्लाइंडच्या साध्या पॉटमध्ये १८, आणि २८५ च्या थ्री-बेट पॉटमध्ये १६. याचा अर्थ खोल स्टॅकवर थ्री-बेट पॉट हा नेहमीच्या स्टॅकवरच्या साध्या पॉटसारखाच खेळायचा असतो. साध्या पॉटमध्ये १०० बिग ब्लाइंड तुम्ही एका जोडीवर आत टाकाल का? नाही टाकणार. मग २८५ च्या थ्री-बेट पॉटमध्ये एक्क्यांच्या जोडीवर का टाकता? कारण हाताला सवय १०० च्या खेळाची आहे. तिथे थ्री-बेट झाला की मोठी जोडी घेऊन डोळे मिटून पुढे जाता येते. संध्याकाळी बरोबर असलेली तीच सवय मध्यरात्री महाग पडते.

बेटच्या आकारातही हे दिसते. फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा) अशा तीन समान प्रमाणाच्या बेटमध्ये पूर्ण स्टॅक आत घालायचा तर १०० च्या थ्री-बेट पॉटमध्ये दर वेळी पॉटच्या ६३ टक्के पुरते. २८५ ला दर वेळी पॉटच्या ११० टक्के लावावे लागते. साध्या पॉटमध्ये हेच प्रमाण ११६ वरून १८५ टक्क्यांवर जाते. म्हणजे खोल स्टॅकवर सगळे आत जायला कुणीतरी पॉटपेक्षा मोठी बेट लावतो किंवा मध्येच एक रेज होतो. मित्रमंडळींच्या टेबलावर फ्लॉपनंतरचा रेज म्हणजे क्वचितच थाप असते. तो दिसला की एका जोडीची किंमत उतरली असे समजा.

हातांची निवड

खोल स्टॅकवर बघायचे ते हेच, की हा हात सर्वांत वरचा हात होऊ शकतो का. रंगीत एक्का (एक्का-पंजी, एक्का-चव्वी एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक असे), एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते, छोट्या जोड्या यांचा भाव वाढतो. राजा-गुलाम, राणी-दश्शी, एक्का-दश्शी वेगवेगळ्या रंगांचे, यांचा भाव पडतो. हे हात जिंकतात तेव्हा छोटा पॉट जिंकतात आणि मोठा पॉट झाला की बहुतेक दुसऱ्या क्रमांकावर असतात. आधी खेळायच्या जागेवरून, आणि तो खोल स्टॅकवाला हातात असेल तर, हे सरळ सोडा.

छोट्या जोडीचे गणित बघा. फ्लॉपवर सेट (हातातल्या जोडीला तिसरा तसाच पत्ता) लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, साडेआठ वेळांतून एकदा. लागल्यावरही प्रत्येक वेळी समोरचा पूर्ण पैसे देत नाही, म्हणून कॉलच्या निदान वीसपट मागे असावेत हा व्यवहारी ठोकताळा. २५० चा रेज केलात, ८०० चा थ्री-बेट आला, कॉलला ५५०. वीसपट म्हणजे ११,०००. नेहमीच्या स्टॅकला मागे ९,२०० च असतात, तिथे दुर्रीची जोडी सोडावी. २८५ ला बिनदिक्कत कॉल. पण हा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. तो खोल स्टॅकवालाही तुमच्या एक्क्यांवर याच गणिताने कॉल करतो आहे, आणि तुम्ही जोडी सोडत नाही हे त्याला एव्हाना कळले असेल.

रंगाचेही तसेच. अठ्ठी-सत्तीचा कलर (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागला तर एक बेट घ्या, दुसरी घ्या, पण ३०० बिग ब्लाइंड आत जाईपर्यंत रेजवर रेज करू नका. तिथवर समोर टिकलेल्या माणसाकडे राणीच्या वरचा कलर असण्याचीच शक्यता जास्त.

राजांच्या जोडीबद्दल हमखास विचारतात. टेबलावरच्या एका ठरावीक माणसाकडे त्याच वेळी एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता दोनशेत एक. तेव्हा फ्लॉपआधी राजे फेकायचे नाहीत. पण ८०० च्या थ्री-बेटवर २,२०० चा फोर-बेट (आणखी एक रेज) आला, तर १०० च्या स्टॅकवर जो ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणे) आपोआप निघतो तो २८५ वर काढायचा नाही. त्याला जवळजवळ फक्त एक्केच कॉल करतात. कॉल करा. पॉट साडेचार हजार, मागे २६,३००, सहाएक पट. अजून तीन रस्ते (फ्लॉप, टर्न, रिव्हर) खेळायला शिल्लक आहेत.

थ्री-बेटचा आकारही थोडा वाढवा. आधी खेळायची जागा असेल तर १०० च्या स्टॅकवर समोरच्या रेजच्या चौपट, २८५ वर साडेचार ते पाचपट. स्वस्तात फ्लॉप दाखवला तर वर सांगितलेले वीसपटीचे गणित त्याच्या बाजूने जाते.

एक हात बारकाईने

तुम्ही कटऑफवर, इस्पिक एक्का आणि चौकट एक्का. ३०० चा रेज. बटनवर २८,५०० वाला कॉल करतो, ब्लाइंडवाले हात सोडतात. पॉट ७५०. फ्लॉप: बदाम गुलाम, बदाम नव्वी, किलवर छक्की. तुम्ही ५०० लावता, तो १,७०० चा रेज करतो.

इथे बहुतेक जण ५,००० करतात. मग तो ऑल-इन म्हणतो आणि तुमच्यापुढे २३,२०० चा कॉल येतो. त्यासाठी तुम्हाला सुमारे ४१ टक्के वेळा जिंकायला हवे. कशाविरुद्ध? सेट असेल तर तुम्ही जेमतेम दहा टक्के. बदामाची राणी-दश्शी असेल तर त्याला जिंकवणारे पंधरा पत्ते आहेत आणि रिव्हरपर्यंत तो निम्म्याहून थोडा जास्तच जिंकतो. म्हणजे त्याच्या चांगल्या हातांविरुद्ध तुम्ही मागे, आणि गुलामाची एकटी जोडी किंवा हलका ड्रॉ (अजून पूर्ण न झालेला हात) घेऊन रेज करणारा तुमच्या ५,००० वर निघून गेलेला. हरवायचे त्याला पळवले आणि हरायचे त्याला थांबवले.

त्यापेक्षा फक्त कॉल. १,२०० अजून. पॉट ४,१५०, मागे २६,५००. टर्न चौकट दुर्री, काहीच बदलले नाही. तुम्ही चेक (काही न लावता पाळी पुढे), तो ३,०००. कॉलला लागतात ३० टक्के. त्याचे ड्रॉ अजून अपुरे आहेत, कॉल. पॉट १०,१५०.

रिव्हर बदाम अठ्ठी, तो ९,००० लावतो. लागतात ३२ टक्के. आता त्याच्या जागी बसून बघा. बदामाचे सगळे ड्रॉ लागले. राणी-दश्शीचा सीक्वेन्स लागला, दश्शी-सत्तीचाही. न लागलेले ड्रॉ फारच थोडे उरले, मग थाप कशाची मारणार? फोल्ड. गेले एकूण ५,०००, म्हणजे ५० बिग ब्लाइंड. टोचते, पण २८५ गेलेले नाहीत.

तोच रिव्हर इस्पिक तिर्री आला असता तर? बदाम फसले, राणी-दश्शी फसली, दश्शी-अठ्ठी फसली, अठ्ठी-सत्ती फसली. तीच ९,००० ची बेट, तेच ३२ टक्के, आणि आता कॉल. तुमच्याकडे बदामाचा एक्का नाही हेही इथे फायद्याचे, कारण बदामाच्या एक्क्याचे फसलेले ड्रॉ त्याच्याकडे असू शकतात. मात्र तो कधीच थाप मारत नाही हे इतिहासातून दिसले असेल, तर इथेही सोडा. फुकटच्या चिप्सच्या टेबलावर लोक कॉल फार करतात आणि थापा त्यामानाने कमी मारतात. म्हणून तुमच्याही थापा कमी आणि चांगल्या हातावरच्या बेट मोठ्या असाव्यात.

छोट्या स्टॅकशी मात्र भित्रेपणा नको

'सांभाळून' खेळणाऱ्याचे नुकसान इथे होते. समोर ४० बिग ब्लाइंडवाला आहे, तुमच्याकडे एक्का-राजा, फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री. पॉट ५५०, त्याच्याकडे ३,७५०. पॉटच्या ७२ टक्क्यांप्रमाणे तीन बेट लावा: ४००, मग ९७०, मग उरलेले सगळे. 'माझे ३१,०००' हा विचार इथे आणायचाच नाही, धोक्यात फक्त चार हजार आहेत.

गडबड होते ती तिघे असताना. ४० वाल्याने ऑल-इन केले, तुमच्याकडे गुलामांची जोडी, आणि तुमच्यानंतर २८,५०० वाला अजून खेळायचा आहे. ॲपमधले 'ऑल-इन' बटन दाबलेत तर तुम्ही ४० नव्हे, २८५ बिग ब्लाइंड लावलेत. मागच्याकडे एक्के किंवा राजे असतील तरच तो येणार, म्हणजे आलाच तर तुम्ही संपलात. कॉल करा, मागून तो ऑल-इन आला तर ४,००० सोडून द्या. खोल स्टॅक असताना ते बटन कायमचे विसरा आणि आकडा हाताने टाका.

स्ट्रॅडल (पत्त्यांआधी आपखुशीने लावलेला दुप्पट ब्लाइंड) चालू असेल तर हे सगळे आकडे निम्मे होतात. २०० चा स्ट्रॅडल पडला की २८,५०० म्हणजे १४२ च. कुणीतरी गंमत म्हणून बारानंतर तो चालू करतो, तेव्हा हातांची निवड परत नेहमीच्या स्टॅककडे वळवा.

कुठे बसायचे, केव्हा उठायचे

खोल स्टॅकवाला तुमच्या उजव्या हाताला असेल तर तो तुमच्याआधी खेळतो आणि तुम्हाला त्याचे बघून ठरवता येते. डाव्या हाताला असेल तर उलट. ३०० बिग ब्लाइंडच्या खेळात हा फरक पत्त्यांपेक्षा मोठा ठरतो, कारण प्रत्येक रस्त्यावर चूक करण्याची पाळी आधी तुमची येते. खासगी टेबलावर जागा बदलणे सोपे असते: कुणी उठले की त्याच्या खुर्चीवर जा. सहा जण भरलेले असतील तर त्या माणसाशी फक्त बटनवरून भिडा, बाकी जागांवरून त्याच्या रेजपुढे हात कमी करा.

उठण्याबद्दल. 'दुप्पट झाले की उठायचे' हा नियम गणिताला धरून नाही. टेबल कच्चे आहे, तुम्ही ताजेतवाने आहात, मोठा स्टॅक तुमच्या उजवीकडे आहे, तर तिप्पट झाल्यावरही बसा. तिथेच सर्वांत जास्त मिळते. पण मोठा स्टॅक डावीकडे, तुमच्यापेक्षा बरा खेळणारा, आणि खोल खेळाचा तुम्हाला सराव नाही, तर २०० वर असतानाही उठा. किती जिंकलो यावर नव्हे, पुढचे शंभर हात कोणाशी आणि कशा अवस्थेत खेळणार यावर हे ठरते. मित्रांत वाईट दिसते म्हणत असाल तर टेबल सुरू होतानाच सांगून टाका, 'मी साडेबाराला उठणार.' मग कुणी पळाला म्हणत नाही.

अर्धा ढीग काढून ठेवायचा आणि १०,००० घेऊन परत बसायचे, हे मात्र चालत नाही. कॅश गेममध्ये जिंकलेल्या चिप्स टेबलावरच राहतात, आणि बऱ्याच ॲपमध्ये ठरावीक वेळेच्या आत परतलात तर उठतानाचाच स्टॅक घेऊन बसावे लागते. टेबल लावणाऱ्याने हे बंधन काढले असेल तरी बाकीच्यांना विचारूनच करा.

दमणे हा वेगळाच चोर आहे. शुक्रवारी दिवसभर माइंडस्पेससारख्या ऑफिस संकुलात स्क्रीनसमोर बसून, घरी येऊन, जेवून, रात्री एकला माणूस जे कॉल करतो ते संध्याकाळी नऊला करत नाही. त्यात 'या तर जिंकलेल्याच चिप्स आहेत' ही भावना. नुकत्याच झालेल्या नफ्यातून माणूस जास्त धोका पत्करतो, हे रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. उपाय साधे आहेत. सेटिंगमध्ये स्टॅक चिप्सऐवजी बिग ब्लाइंडमध्ये दाखवायला लावा. '२८५ चा कॉल' वाचल्यावर बोट थांबते. रात्रीच्या सर्वोच्च आकड्यापासून १०० बिग ब्लाइंड खाली आलात की दहा मिनिटे सिट-आउट (जागा न सोडता हात न खेळणे). यामागे गणित नाही, फक्त डोके थंड करण्यासाठी. आणि 'रन इट ट्वाइस' (उरलेले पत्ते दोनदा उघडून अर्धा-अर्धा पॉट ठरवणे) असेल तर मोठ्या ऑल-इनला होकार द्या. सरासरी तीच राहते, चढउतार कमी होतो.

आणखी एक फुकटचे नुकसान म्हणजे नेटवर्क. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभे राहून खेळणारे असतात, पावसाळ्यात लाइट गेली की घरचा वायफायही जातो. मोठ्या पॉटमध्ये संपर्क तुटला आणि टाइम बँक (विचार करायला मिळणारा जादा वेळ) संपली की ॲप तुमचा हात फोल्ड करते. मोबाइल डेटा चालू ठेवा, टाइम बँक किरकोळ हातांत उधळू नका, आणि प्रवासात असताना खोल स्टॅक घेऊन बसूच नका.

आता पैशांबद्दल, कारण हे विचारले नसले तरी मागाहून येतेच. ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि ज्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यानंतर देशातल्या पोकर साइटनी पैशांची टेबले बंद केली. तुमच्या फुकटच्या चिप्स फुकटच राहू द्या. शनिवारी सकाळी यूपीआयवर हिशेब मिटवायला लागलात, तर तो फुकटचा खेळ राहत नाही आणि टेबल लावणारा मित्र अडचणीत येऊ शकतो.

पुढे गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या टेबलावर बसायचा विचार असेल, तर दोन फरक लक्षात ठेवा. तिथे तासाला पंचवीस-तीसच हात होतात, म्हणजे तुमच्या एका ऑनलाइन तासाला तिथले दोन-अडीच तास लागतात आणि थकवा आकड्यांच्या आधी येतो. आणि समोरच्याचा स्टॅक पडद्यावर लिहिलेला नसतो. मोठ्या किमतीच्या चिप्स मागे दडलेल्या असतील तर कॉल करण्याआधी डीलरला विचारा. त्या पुढे ठेवणे हा त्या टेबलाचा नियमच असतो.